नव्या कम्प्युटरात जुनं डॉस, आणि एका रेजाचं नाव

बारा वर्षं डोक्यावरून भट्टीच्या विटा वाहिलेल्या एका रेजाला हथखोजमधल्या एका कारखान्याच्या गेटवरून परत पाठवलं. दिवस सोमवार होता. गणपती बसून पाचवा दिवस. सकाळच्या पाळीचा भोंगा वाजायला दहा मिनिटं बाकी होती. हे मी सगळ्यात आधी सांगून टाकते, कारण पुढे कम्प्युटर, फ्लॉपी, डॉस असलं बरंच येणार आहे, आणि ते आलं की बाई मागे राहून जाते. तेव्हाही राहिली होती.

रेजा म्हणजे मजुरीवरची बाई. आमच्या भिलाईत हा शब्द कोणाला सांगावा लागत नाही, पण नागपूरच्या पलीकडे हे वाचलं गेलं तर अडू नये म्हणून लिहिते. नाव मात्र कोणाचंच लिहिणार नाही. बाईचं नाही, कारखान्याचं नाही, माझ्या घरच्यांचंही नाही. एकाचं झाकायचं आणि दुसऱ्याचं छापायचं, हे मी एकदा केलंय. पुन्हा करणार नाही.

ती तीजा, म्हणजे आपली हरतालिका, करून माहेराहून आदल्या संध्याकाळीच परतली होती. डब्यात भाकरीसोबत माहेरची बेसनाची ठेठरी होती. गेटवरच्या जमादाराने रोजच्यासारखी तिला हाक मारली आणि सांगितलं, तुझं नाव नाही. त्याच्या हातात नव्या कम्प्युटरने छापलेली यादी होती. तिला वाचता येत नव्हतं, तरी त्याने यादी तिच्यासमोर धरली. मग भोंगा झाला, बाकीचे आत गेले, आणि ती डबा घेऊन सरळ कॅम्प-१ मधल्या आमच्या संघटनेच्या खोलीवर चालत आली.

"नोनी," ती मला म्हणाली, "मोर नाव नइ हे कहिथें."

माझं नाव नाही म्हणतात. छत्तीसगढीत पोरीला नोनी म्हणतात. मी तिला दाई म्हणत असे, आईसारखीला म्हणतात ते. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि वही उघडली. तेवीस वर्षांची होते. लिहायला मी शाळेत नाही, पत्रकांत शिकले: पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला, दुसरीत कधी, शेवटच्या ओळीत मागणी. मधल्या ओळींत काय घालायचं ते त्या त्या वेळचा राग सुचवतो.

झालं होतं ते असं. तीजाच्या आठवड्यात इथली एकही रेजा कामावर नसते. भाऊ घ्यायला येतो, बाई माहेरी जाते. भट्टीवाल्यांनाही हे माहीत असतं, ते आठवडाभर निम्म्या हातांवर काम चालवतात. नेमक्या त्याच आठवड्यात कारखान्यात नवा कम्प्युटर आला आणि सगळ्या ठेका मजुरांचे नवे फॉर्म भरून घेतले गेले. पुरुषांचे भरले. बाया नव्हत्या. त्यांच्यासाठी नियम निघाला की जुन्या कम्प्युटरात नाव असेल तर ते नव्यात उतरवू, नसेल तर नवी भरती धरू. आणि नवी भरती पस्तिशीच्या आतली. दाईने चाळिशी ओलांडलेली होती. ती माहेरी असतानाच, घरच्यांनी नेऊन दाखवलेल्या तिच्या राशन कार्डावरचं नाव साहेबांनी जुन्या कम्प्युटरात शोधायला लावलं. नाही मिळालं. दोन दिवसांनी जुना कम्प्युटर भंगारच्या टेम्पोत चढला.

म्हणजे पणाला लागला होता एक गेटपास. जुन्या नोंदीत ती सापडली तर भट्टीवर, नाही सापडली तर घरी. मधलं काही नव्हतं.

मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. हिंदीत, कारण गेटवर मराठी कोण वाचणार. मथळा होता, कम्प्युटरने बारा वर्षं खाल्ली. आत लिहिलं की व्यवस्थापनाने जुन्या बायांची नावं जाणूनबुजून पुसली. कोणी पाहिलं होतं पुसताना? कोणी नाही. पण मला लिहिताना एकदाही थांबावंसं वाटलं नाही. दुसऱ्या सकाळी गेटवर वाटलं, लोकांनी घेतलं, दोघातिघांनी पाठ थोपटली. दाईचं नाव राशन कार्डावरून उतरवून मी जाड अक्षरात छापलं होतं. तिला विचारलं नव्हतं.

एक प्रत घरी पोचली. बाबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

माझे बाबा भंडाऱ्याकडचे, टायपिंगची परीक्षा नागपुरात दिलेले. त्याच कारखान्यात ते टाइम ऑफिसचे, म्हणजे हजेरीचे, क्लार्क होते आणि आदल्या दिवाळीत रिटायर झाले होते. बारा वर्षांपूर्वी कारखान्यात पहिला कम्प्युटर आला तेव्हा रजिस्टरातले सगळे ठेका मजूर त्यांनीच, एकट्याने, एक एक करून त्यात टाइप केले होते. हे मला माहीत होतं. पत्रक लिहिताना आठवलं नव्हतं.

"पुसलं म्हनतं तू," बाबा म्हणाले. "तुले कोणं सांगितलं?"

"मग नाव गेलं कुठं?"

"गेलं नाही. असन. मी सोता टाइप केलं. एकन् एक बाई. माझ्या हातून एक सुटली नाही."

"जुना कम्प्युटर भंगारात गेला बाबा. आता कसं दाखवता?"

ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि वरच्या फळीवरचा स्टीलचा डबा काढून आणला. झाकण उघडलं. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या मोठ्या चौकोनी फ्लॉप्या, आणि ओल धरू नये म्हणून तांदळाची पुरचुंडी. दर शनिवारी काम संपलं की ते सगळ्या नोंदींची नक्कल फ्लॉप्यांवर काढून घरी आणत. कारखान्यात विटांची धूळ उडते, फ्लॉपी खराब होते. रिटायर होताना कोणी मागितल्या नाहीत. यांनी सांगितलं नाही.

"म्हणूनच म्हणून राहिली मी, माहा पापडाचा डबा गेला कुठं," आई चुलीजवळून म्हणाली. "बारा वर्षं तुमच्या शनिवारानं अडवून ठेवला."

त्या संध्याकाळी बाबांचा चेहरा उजळलेला होता. मुलीचं पत्रक चुकीचं ठरणार आणि त्यांचं काम बरोबर ठरणार, दोन्ही एकदम. मला राग आला होता, पण मलाही तेच हवं होतं. नाव सापडलं की झालं.

फ्लॉप्या वाचायला कम्प्युटर पाहिजे होता, आणि आमच्याजवळ होता तो फार नवा. संघटनेच्या खोलीत तीन महिन्यांपूर्वीच आला होता, विंडोजवाला, पत्रकं जुळवायला. बाबांच्या फ्लॉपीचा आकारच त्यात जाईना. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत एक मराठी मेकॅनिक होता, वडील यार्डात होते त्याचे, हा टीव्हीपासून कम्प्युटरपर्यंत सगळं दुरुस्त करायचा. त्याला गाठलं. त्याने एका मेलेल्या मशीनमधून जुना ड्राइव्ह काढून आणला, आमच्या नव्या कम्प्युटरचं झाकण उघडलं आणि आत जोडला. फ्लॉपी वाचली गेली. पण बाबांचा प्रोग्राम सुरू केला की एक ओळ यायची आणि बंद. व्हर्जन चुकीचं आहे, म्हणजे विंडोजच्या आधी कम्प्युटर ज्यावर चालायचा त्या डॉसचं.

"हे त्या जमान्याचं हाय ताई," मेकॅनिक म्हणाला. "दारात पयले इचारते, तुमचं डॉस कोणत्या नंबरचं. नंबर नाही जुळला तं घरात घेत नाही."

"मग?"

"मग तेच जुनं डॉस टाका लागन, या नव्याच्या डोक्यात. लोकं मले जुन्यावर नवं टाकाले बलावतेत. तुम्ही पयल्याच, नव्यावर जुनं टाकणाऱ्या."

"टाका."

"सगळं पुसल्या जाईन. याच्या डिस्कले तोडून लहान करा लागन, त्या डॉसले येवढी मोठी दिसतच नाही. तुमची पत्रकं, फोटो, काहीच रायणार नाही. इचार करा."

मी तीन पत्रकं लहान फ्लॉपीवर उतरवून घेतली. बाकी राहू दिली. त्यात कम्प्युटरने बारा वर्षं खाल्ली तेही होतं.

रविवारी सकाळी दहाला बसलो. मी, मेकॅनिक, बाबा. दाईही आली, आम्ही बोलावलं नव्हतं तरी. आता तिला जायला दुसरं ठिकाण नव्हतं. आल्या आल्या बाबांनी तिला हाक मारली, कारखान्यात मारत तशी, आणि तिने पदर सारखा करत म्हटलं, "राम राम बाबू." ती उंबऱ्याशी बसली आणि सोबत आणलेली भाजी निवडायला लागली.

मेकॅनिकने डॉसची पहिली फ्लॉपी घातली. डिस्क पुसली. मग लहान तुकडा पाडला आणि तो तुकडा तयार करायला लावला, तेव्हा काळ्या पडद्यावर आकडे चढायला लागले. तीन, चार, पाच.

"ये का गिनत हे?" दाईने विचारलं.

"आपली वाट मोजून राहिलं दाई," मेकॅनिक म्हणाला.

अठ्ठावन्नवर लाइट गेली.

पाऊण तासाने आली. पुन्हा एकपासून. या खेपेला शंभर झाले, दुसरी फ्लॉपी गेली, तिसरीवर मशीन करकरलं आणि थांबलं. पडद्यावर इंग्रजीत विचारलं होतं, सोडून द्यायचं की पुन्हा करायचं. मेकॅनिकने फ्लॉपी बाहेर काढली, मधल्या भोकात बोट घालून आतली चकती हळूच फिरवली, शर्टाच्या टोकाने पुसली, पुन्हा घातली. पुन्हा करकर. बाबा पुढे झाले. त्यांनी त्याच्या हातातून फ्लॉपी घेतली, तोंडाजवळ नेऊन लांबून एक फुंकर मारली, ओली होणार नाही अशी, आणि तिरपी धरून अलगद सरकवली. चालली.

"काका, हे कुठी शिकले?"

"धुळीत," बाबा म्हणाले.

डॉस बसलं. काळ्या पडद्यावर एक अक्षर आणि त्याच्यापुढे उघडझाप करणारी रेघ, बाकी काही नाही. माझ्या रंगीत, खिडक्याखिडक्यांच्या कम्प्युटरचं हे झालं होतं. मग बाबांचा प्रोग्राम घातला, तर तो सुरू होऊन लगेच पडला. या खेपेला नंबरचं भांडण नव्हतं. मेकॅनिकने डोकं खाजवलं आणि मग हसला. मशीन फार जोरात पळत होतं. जुना प्रोग्राम सुरुवातीला मशीनचा वेग मोजून पाहतो, आणि या वेगाचं मोजमाप त्याला येतच नाही, तो तिथेच कोसळतो. मेकॅनिक सुरुवातीच्या निळ्या पडद्यात शिरला, काहीबाही बंद केलं आणि आमचा नवा कम्प्युटर मुद्दाम मंद करून टाकला. इतका मंद की एक एक ओळ वरून खाली उमटताना दिसायची.

"आता हा तुमच्या वयाचा झाला काका."

बाबांनी खुर्ची ओढली. पासवर्ड टाकताना त्यांनी मला मान फिरवायला लावली. कारखाना सुटला होता, मशीन भंगारात गेलं होतं, तरी पासवर्ड म्हणजे पासवर्ड. हिरव्या अक्षरांचा पडदा उघडला आणि त्यांची बोटं न बघता चालायला लागली. मी त्यांना घरात नेहमी वर्तमानपत्र धरलेलं किंवा पिशवी घेतलेलं पाहिलं होतं. काम करताना पहिल्यांदाच पाहत होते.

"सांग नाव."

मी दाईच्या राशन कार्डावरून वाचलं. बाबांनी टाइप केलं. मशीनने बराच वेळ घेतला. नोंद मिळाली नाही.

"नीट सांग."

पुन्हा. नाही. नवऱ्याच्या नावासकट. नाही. मी दाईकडे पाहिलं नाही, पण भाजीच्या देठांचा आवाज थांबला होता.

"पुसलंच," मी म्हटलं. "शनिवारच्या आधी कधीतरी पुसलं, आणि तुमच्याच फ्लॉपीत तसं उतरलं."

"गप," बाबा म्हणाले. "कामाले लागली तं माह्याच काळात लागली. मले सालावरून काढू दे."

त्यांनी बारा वर्षांपूर्वीचं साल टाकलं, त्यापुढे रेजांची खूण टाकली. ओळी उमटायला लागल्या, एक एक, सावकाश. मी वाचायला लागले आणि मला वाटलं, चुकून दुसरीच फाइल उघडली. त्या ओळींत माणसांची नावं नव्हती.

इथे थोडं सांगायला हवं. छत्तीसगढात बाई लग्न होऊन आली की सासरच्या गावात तिला तिच्या नावाने कोणी बोलावत नाही. माहेरच्या गावावरून बोलावतात. दुर्गची आली तर दुर्गहिन, पाटनची आली तर पाटनहिन. सासू तसंच म्हणते, नणंद तसंच म्हणते, शेजारपाजार तसंच. मजुरीला गेली की तिथेही तेच नाव जातं. भट्टीवर जमादार तेच पुकारतो, ठेकेदार तेच सांगतो. आणि टाइम ऑफिसात बसलेला भंडाऱ्याचा क्लार्क जमादाराने पुकारलेलं ऐकून तेच टाइप करतो.

पडद्यावर गावांमागून गावं होती.

"बाबा, ही कसली यादी?"

 बाबा बोट पडद्याला लावून खाली येत गेले आणि एका ओळीवर थांबले. मग खुर्चीतल्या खुर्चीत वळले आणि दाईला त्यांनी हाक मारली. तीच, सकाळी मारली होती ती, बारा वर्षं मारत आले होते ती. तीच पडद्यावर होती.

"हव," दाई उंबऱ्यावरून म्हणाली. "ये मेंहा आंव." हो, ही मीच.

मेकॅनिक उगाच एक वायर गुंडाळत बसला.

"मले तेच तिचं नाव वाटे," बाबा म्हणाले. आम्हा कोणाला नाही, समोरच्या पडद्याला. "बारा वर्षं मले तेच नाव वाटून राहिलं."

मी दाईजवळ जाऊन बसले आणि विचारलं, तू सांगितलं का नाहीस कधी. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली जसं मी मघाचं डॉस तिला समजावायला सांगतेय.

"कोनो पूछिस कहाँ, नोनी?" ती म्हणाली. विचारलं कोणी कुठे. मग म्हणाली, "मोर नाव ले त मोर दाई भर बलाथे." तिच्या नावाने तिला फक्त तिची आई बोलावते. दहाबारा दिवसांपूर्वी तीजाला गेली होती तेव्हा आईने बोलावलं असेल. तेच नाव मी जाड अक्षरात छापून गेटवर वाटलं होतं, आणि तिथल्या एकाही माणसाला ते कोणाचं ते कळलं नव्हतं. लोकांनी पाठ थोपटली होती माझी. आता समजतं की त्यांच्यातला एकही दाईच्या झोपडीवर का गेला नाही.

आणि जमादार. सोमवारी सकाळी तुझं नाव नाही असं सांगताना त्याने तिला हाक मारली होती ती याच नावाने.

कोणी काही पुसलेलं नव्हतं. माझं पत्रक पहिल्या ओळीपासून खोटं होतं. अन्याय खरा होता, पण तो करणारे हात ओळखीचे निघाले. त्या हातांनी मला अंकलिपी गिरवून दिली होती.

यादीत अशा चौदा बाया निघाल्या, तीजाला गेलेल्या, नव्या यादीत नसलेल्या. आमच्या जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर बाबांनी यादी छापली. कागद फाडून घेतला आणि घडी न घालता धरून बसले.

"हा कागद नेला तं पयला सवाल काय येईन, मालूम हाय?" ते म्हणाले. "फ्लॉप्या तुमच्या घरी कशा. फॅक्टरीचं रेकॉर्ड पळवलं म्हणतीन."

"मी सांगते, मला कुठून तरी मिळाल्या म्हणून."

"एक खोटं पत्रक झालं तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी मी, बाबा आणि दाई असे तिघं कारखान्यात गेलो. साहेब तरुण होते, बाबांच्या नंतर आलेले, उद्धट नव्हते. त्यांनी यादी पाहिली आणि म्हणाले, "बाबूजी, ये तो गाँव का नाम है। यही औरत है, मैं कैसे मान लूँ?"

बाबा म्हणाले, जमादाराला बोलवा. जमादार आला. बाबांनी त्याला गेटशी उभं केलं आणि सांगितलं, रोजची पुकार कर. त्याने यादीतली नावं पुकारली. तिसऱ्या हाकेला दाईने मान वर केली आणि ओ दिली, आणि जमादाराने यादी खाली घेतली. त्याला आत्ता कळलं होतं की गेल्या सोमवारी त्याने काय केलं.

साहेब म्हणाले, हे लेखी लागेल. बाबांनी फुलस्केप मागितला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर उभ्यानेच लिहिलं. ते मला पाठ आहे. ही नोंद मी केली. करताना मी या बाईला तिचं नाव विचारलं नाही. इतर बायांनाही विचारलं नाही. चूक माझी आहे, त्यांची नाही. फ्लॉप्या मी माझ्या इच्छेने घरी ठेवल्या. खाली सही, आणि रिटायर होण्याआधीचं पद.

चौथ्या दिवशी दाईला गेटपास मिळाला. त्यावर तिचं स्वतःचं नाव आहे. तिने तो मला दाखवला, उलटा धरून, आणि विचारलं, "इही हे न?" हेच आहे ना. मी बोट ठेवून अक्षरं दाखवली.

बाबांच्या फ्लॉप्या जमा करून घेतल्या गेल्या. कारवाई झाली नाही. कारखान्यातल्या विश्वकर्मा पूजेला रिटायर माणसांना दर वर्षी बोलावणं येतं. त्या वर्षी बाबांना आलं नाही, त्यानंतरही नाही. पूजेच्या दिवशी त्यांनी सकाळीच दाढी केली, धुतलेला शर्ट घातला, आणि दुपारी तो काढून खुंटीला लावला.  आईने पापडाचा डबा घासून उन्हात ठेवला होता.

मी दुसरं पत्रक काढलं. कम्प्युटर अजून डॉसमध्येच होता, त्यात हिंदी उमटत नव्हती, म्हणून हाताने स्टेन्सिल कापलं. पहिल्या पत्रकात चूक झाली, नावं कोणी पुसली नव्हती, कोणी विचारलीच नव्हती, आणि न विचारणाऱ्यांत माझे वडील होते आणि मीही होते, असं लिहिलं. संघटनेतले लोक चिडले. मालकाच्या हाती आयतं कोलीत दिलं म्हणाले. असेल. मी वाटलं.

उरल्या तेरा बाया. त्यांच्या गावांची नोंद होती, पण कोणती नोंद म्हणजे कोण, हे सांगायला कोणी नव्हतं. काही जणी गेटवरून परत गेल्या त्या गेल्याच, झोपडी बदलली, दुसऱ्या कामाला लागल्या. त्यांचा एकच पत्ता आमच्याकडे होता, यादीतलं माहेरचं गाव. बाबांनी स्कूटर काढली. पुढचे कितीतरी रविवार आम्ही त्या गावांना गेलो. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारायचो, तुमच्या गावची कोण पोर भिलाईला विटांच्या कारखान्यात जाते. "बेटी त कतको हें," ते हसून म्हणायचे. पोरी तर कितीतरी आहेत. मग बाबा खाली बसायचे, चेहरा, उंची, कोणत्या पाळीला यायची, कपाळावर गोंदलेलं होतं का, हे आठवून आठवून सांगायचे. एका गावात एका म्हातारीने बराच वेळ ऐकून घेतलं, आणि मग एक नाव घेतलं. स्वतःच्या लेकीचं. बाबांनी खिशातून पेन काढून ते लगेच लिहून घेतलं, आणि तिला दोनदा वाचून दाखवलं.

तेरांपैकी आठ मिळाल्या. पाच मिळाल्या नाहीत. त्या पाच ओळी अजून आमच्याकडे आहेत, गावांसकट, आणि त्यांच्यापुढची जागा कोरी आहे.

एक घरातली गोष्ट राहिली. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई, आई तिला ज्या नावाने हाक मारते तेही एका गावाचंच निघालं. मी सात वर्षं तिच्या हातचा चहा पीत होते. तिला नाव विचारलं तेव्हा ती आधी लाजली, मग म्हणाली, कशाला पाहिजे, काही फॉर्म आला का.

आता हे का लिहिते ते सांगते. राज्य वेगळं होणार असं सगळीकडे चाललंय. मध्य प्रदेशची पाटी उतरेल, दुसरी चढेल, आणि ऑफिसाऑफिसात जुन्या याद्या नव्या कम्प्युटरात चढवायला घेतल्या जातील. त्या चढवणाऱ्यांत आपली मराठी माणसं पुष्कळ आहेत, प्लांटात, रेल्वेत, शाळांत, ठेकेदारांच्या खोल्यांत. हे घरी बसून वाचणारे तुम्हीच आहात. तुमच्या हाताखालून रोज जी बाई जाते, तिला तुम्ही कोणत्या नावाने हाक मारता ते आठवा. मग उठा, तिच्याजवळ जा आणि तिचं नाव विचारा. ती सांगेल ते कागदावर लिहा आणि तिला वाचून दाखवा. नवे फॉर्म यायच्या आत हे करा. आजच करा.